रास्टर की वेक्टर? आधी मोजलं कोणी आणि कधी, ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अठ्ठावीस फुटी जुनी शिडाची नौका घेतली आहे, ड्राफ्ट (म्हणजे नौकेचा पाण्याखालचा भाग) १.४ मीटर, आणि डिसेंबरात मुंबईहून बंदरं करत करत मालवणपर्यंत जायचं आहे. मित्राने पेनड्राइव्हवर रास्टर चार्टचा, म्हणजे समुद्री नकाशांचा, जुना संच दिला आहे आणि तो छातीठोकपणे सांगतो की खरे चार्ट तेच. दुकानदार म्हणतो, प्लॉटर, म्हणजे पडद्यावर चार्ट आणि नौकेची जागा दाखवणारं यंत्र, घ्या, त्यात वेक्टर कार्ड येतं. तिसरीकडे वर्षाची वर्गणी भरून टॅब्लेटवर चालणारं ॲप आहे. यातलं काय घ्यावं?

मी सतरा वर्षं मालवाहू जहाजांच्या ब्रिजवर काढली. आता लोकांच्या छोट्या नौका मुंबई-गोवा नेऊन पोचवतो आणि अधूनमधून शिकवतो. त्यामुळे दोन्ही प्रकारचे चार्ट वापरले आहेत आणि दोन्हींनी मला एकेकदा तोंडावर पाडलं आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. रास्टर की वेक्टर, हा चार्ट कशा रूपात साठवला आहे त्याचा प्रश्न. त्यातले आकडे कोणी मोजले, कधी मोजले, हा वेगळा. नौका वाळूवर बसते ती बहुतेक वेळा दुसऱ्यामुळे, आणि भांडणं मात्र पहिल्यावरून होतात.

आधी पहिला उरकू. रास्टर म्हणजे कागदी चार्टचं चित्र. कागदावर जे होतं ते जसंच्या तसं, त्याच अक्षरात, त्याच रंगात. झूम केलं तर चित्र मोठं होतं, नवीन काही दिसत नाही. फार केलं तर अक्षरं फुटतात. याला लोक दोष मानतात, मी गुण मानतो. अक्षरं फुटायला लागली की चार्टच तुम्हाला सांगतो, बाबा, याच्यापुढे माझ्याकडे काही नाही. शिवाय कुठला खडक दाखवायचा, कुठला आकडा गाळायचा, हे चार्ट काढणाऱ्या माणसाने विचार करून ठरवलेलं असतं आणि ते कुठल्याही झूमला गायब होत नाही. तोटा असा की चार्ट फिरवला तर अक्षरंही उलटी होतात, आणि यंत्राला त्यातलं काही कळत नाही. तुमच्या समोर खडक आहे हे त्या सॉफ्टवेअरच्या लेखी फक्त काळे ठिपके असतात, त्यामुळे ते धोक्याचा इशारा देऊ शकत नाही.

वेक्टर म्हणजे चित्र नव्हे, यादी. हा बोया, म्हणजे तरंगती खूण, त्याचा रंग हा, दिवा असा लुकलुकतो. ही पाच मीटरची रेषा. हे बुडालेलं जहाज. यंत्र त्या यादीवरून दर वेळी नव्याने नकाशा रेखाटतं. म्हणून तुम्ही खांदेरीच्या दिव्यावर बोट ठेवलं की त्याची माहिती उघडते, उथळ पाणी निळं करता येतं, पुढे उथळ आलं की भोंगा वाजवता येतो. सरकारी वेक्टर चार्टला ईएनसी म्हणतात आणि ते एस-५७ या आंतरराष्ट्रीय मापदंडाने बनतात. मोठ्या जहाजांवर २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने इलेक्ट्रॉनिक चार्टची यंत्रणा सक्तीची झाली, ती याच चार्टच्या भरवशावर. तुमच्या नौकेला ती सक्ती लागू नाही.

आता वेक्टरची मेख. यादी मोठी असते, पडदा छोटा. सगळं एकदम दाखवलं तर काजळ फासल्यासारखं होईल, म्हणून दुरून बघताना सॉफ्टवेअर तपशील लपवतं. काय लपवायचं याचे नियम असतात, पण ते नियम तुमचा मार्ग ओळखत नाहीत. २९ नोव्हेंबर २०१४ च्या रात्री व्होल्व्हो ओशन रेस या जगाला वळसा घालणाऱ्या शिडाच्या नौकांच्या शर्यतीतली 'वेस्टास विंड' ही नौका केपटाउनहून अबू धाबीकडे जाताना मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराजोसच्या प्रवाळखडकांवर आदळली. नौकेवर नऊ जण होते. सगळे वाचले, पण नौकेचं मागचं अंग चेचलं गेलं. खडक चार्टमध्ये होता. ज्या झूमवर मार्ग तपासला त्या झूमवर मात्र तिथे उथळ पाणी असल्याचं कळत नव्हतं. जवळ जाऊन बघायचं राहून गेलं. जगातले निवडक खलाशी, महागातली यंत्रणा, आणि तरी हे झालं. तेव्हापासून मी शिकवताना एक सवय लावतो: मार्ग आखून झाला की तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळच्या झूमवर बोटाने सरकवत बघायचा, एकही मैल न सोडता. मुंबई-मालवणला चहाचे दोन कप आणि तासभर लागतो. अलिबाग-रेवदंड्यासमोरचा चौल कडू हा खडक, मालवणचे खडक, त्याच्या खाली वेंगुर्ल्याचे खडक, यातलं काहीच दुरून नीट भरवशाने दिसतं असं समजू नका.

दुसरी मेख उलटी आहे. रास्टर जास्त झूम केला की फुटतो. वेक्टर फुटत नाही. रेषा बारीक आणि टोकदारच राहतात. १:१,५०,००० प्रमाणाच्या चार्टवर एक मिलिमीटर म्हणजे समुद्रातले १५० मीटर. त्या चार्टवरून घेतलेली खडकाची कड तुम्ही पडदाभर मोठी केलीत, तरी ती किती मीटर इकडे-तिकडे असू शकते हे पडद्यावर कुठेच उमटत नाही. मग माणूस खडकापासून वीस मीटरवरून 'मोकळं पाणी आहे' म्हणून जातो. बहुतेक सॉफ्टवेअर झूम मर्यादेबाहेर गेला की 'ओव्हरझूम' किंवा तत्सम इशारा कोपऱ्यात देतं. तो शोधून ठेवा. घरी सोफ्यावर बसून शोधा, लाटांत नको.

तिसरी गोष्ट निळ्या रंगाची. ईएनसीत सारख्या खोलीच्या रेषा म्हणजे कंटूर ठरावीकच असतात: साधारण २, ५, १०, २० मीटर अशा. तुमचा ड्राफ्ट १.४, वर थोडी राखीव जागा धरून तुम्ही सुरक्षित खोली ३ मीटर टाकता. चार्टमध्ये तीनची रेषाच नाही. तेव्हा यंत्रणा त्याच्या पुढची खोल रेषा पकडते, म्हणजे पाचची, आणि पाचच्या आतलं सगळं धोक्याच्या रंगात रंगवते. धरमतर किंवा राजपुरीच्या खाडीत मग पडदा निळाशार होतो, भोंगा थांबत नाही, आणि तिसऱ्या भोंग्यानंतर माणूस तो कायमचा बंद करून टाकतो. मी स्वतः केलेला आहे हा उद्योग. खाडीत शिरताना रंगावर न जाता आकडे वाचा आणि भरतीचा हिशेब हाताने करा.

हिशेबाचा एक नमुना देतो. चार्टवरची खोली ही खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. मुंबईत उधाणाच्या भरतीचं पाणी त्या पातळीच्या वर सरासरी ४.४ मीटर चढतं आणि उधाणाच्या ओहोटीला जेमतेम पाऊण मीटर उरतं. चार्टवर १.१ लिहिलं असेल आणि त्या वेळची भरती २.० असेल, तर पाणी ३.१, तुमचा ड्राफ्ट वजा जाता कण्याखाली, म्हणजे नौकेच्या सगळ्यात खालच्या भागाखाली, १.७. तेच उधाणाच्या ओहोटीला १.१ अधिक ०.८, म्हणजे १.९, कण्याखाली अर्धा मीटर. लाट असेल तर तोही नाही. दक्षिणेकडे जाल तशी भरती-ओहोटीतली तफावत कमी होत जाते, तेव्हा मुंबईचे आकडे मालवणला लावू नका. आणि छपाईची एक खोड लक्षात असू द्या: चार्टवर दशांश बिंदूने न लिहिता खाली छोट्या अंकात लिहितात. मोठा १ आणि पायाशी बारीक ८ म्हणजे १.८ मीटर. उन्हात, चष्म्याशिवाय, सात इंची पडद्यावर तो अठरा दिसतो. आकड्याखाली रेघ असेल तर ती खोली नव्हेच, ओहोटीला तेवढी उंच जमीन उघडी पडते.

इथपर्यंत रास्टर-वेक्टरचं झालं: एक जे आहे ते सगळं दाखवतो पण मुका आहे, दुसरा बोलतो पण काही गोष्टी झाकून ठेवतो. आता खरा प्रश्न.

आपल्या किनाऱ्याचं अधिकृत सर्वेक्षण आणि चार्ट भारतीय नौदलाचं देहरादूनचं जलसर्वेक्षण कार्यालय करतं. कागदी चार्ट त्यांचे, ईएनसी त्यांचे, आणि दुरुस्त्यांच्या पाक्षिक सूचनाही त्यांच्याच. ईएनसी विकत घ्यावे लागतात, परवान्यासह आणि कुलूपबंद स्वरूपात. अमेरिकेत सरकारी ईएनसी फुकट उतरवून घेता येतात, म्हणून इंटरनेटवरचा अर्धा सल्ला 'फुकटचे सरकारी चार्ट वापरा' असा असतो. तो आपल्याला लागू पडत नाही. त्याच अमेरिकेने पारंपरिक कागदी आणि रास्टर चार्ट बंद करायचं २०१९ साली जाहीर केलं आणि जानेवारी २०२५ पर्यंत ते पूर्णही केलं. थोडक्यात, तुमच्या मित्राच्या आवडत्या प्रकाराचे दिवस भरत आले आहेत, त्याला आवडो न आवडो.

खाजगी कंपन्यांचे चार्ट, म्हणजे नॅव्हिऑनिक्स, सी-मॅप वगैरे, हेही वेक्टरच. पण त्यांचा कच्चा माल बराचसा सरकारी सर्वेक्षणातूनच येतो. त्यावर ते आपल्या पद्धतीने रेषा वाढवतात, बंदरांची माहिती घालतात, आणि काही ठिकाणी ग्राहकांच्या इको साउंडरच्या, म्हणजे पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राच्या, नोंदी गोळा करून खोलीचा वेगळा थर बनवतात. हा थर दिसायला फार देखणा असतो. अर्ध्या अर्ध्या मीटरच्या रेषा, शंखावरच्या वळ्यांसारख्या. जिथे रोज शेकडो नौका फिरतात तिथे तो खरंच उपयोगी आहे. आपल्या खाड्यांत साउंडर लावून, नोंदी कंपनीला पाठवत फिरणाऱ्या नौका किती? दोन नोंदींच्या मधली जागा गणिताने भरलेली असते, आणि भरलेली रेषा मोजलेल्या रेषेइतकीच ठळक दिसते.

मी फसलो तो इथेच. एका गिऱ्हाईकाची नौका घेऊन दक्षिण कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी आलो, नोव्हेंबरचा महिना. पडद्यावर मधोमध सुरेख खोल पट्टा, रेषा एकीला एक लागून. भरती उतरायला लागली होती, पण पट्ट्यात पाणी भरपूर दिसत होतं. साउंडरवर ३.२, मग २.६, मग एकदम १.७, आणि पाठोपाठ तो मऊ, लाजिरवाणा धक्का. वाळू होती म्हणून वाचलो. पुढचे सहा-सात तास तिरप्या नौकेत बसून दोघांनी शेंगदाणे खाल्ले. शेजारून एक तांडेल, म्हणजे होडीचा नाखवा, पगार घेऊन, म्हणजे छोटी होडी घेऊन, आरामात आत गेला, आमच्या डावीकडून, जिथे ॲप जमीन दाखवत होतं. संध्याकाळी जेटीवर भेटला तेव्हा म्हणाला, "पावसानं तोंड फिरवलंन यंदा. देवळाचा कळस नि ती माडांची जोडी एका रेषेत धरायची. मोबाइलला काय कळतंय?"

चूक ॲपची कमी, माझी जास्त. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो आणि दर पावसाळा तो हलवतो. असं तोंड दरवर्षी मोजणं कुठल्याच कार्यालयाला परवडणार नाही. म्हणजे तिथे रास्टर, ईएनसी, ॲप, सगळेच जुनी बातमी सांगतात. फक्त कुणाची बातमी रंगीत असते. अशा ठिकाणी मी आता आदल्या बंदरातच विचारून ठेवतो. विचारताना एक पथ्य: कोळी बांधव खोली वावात सांगतात. वाव म्हणजे साधारण सहा फूट, तीन वाव म्हणजे साडेपाच मीटर. आणि 'सुकतीला (ओहोटीला) की भरतीला?' हे विचारल्याशिवाय तो आकडा लिहून घेऊ नका.

मग चार्टवर किती विश्वास ठेवायचा हे आधी कसं कळणार? सरकारी ईएनसीत त्यासाठी सोय आहे आणि ती वापरणारा माणूस मला विरळाच भेटतो. प्रत्येक भागाला सर्वेक्षणाच्या दर्जाची श्रेणी दिलेली असते, 'झोन ऑफ कॉन्फिडन्स' नावाची, आणि ती चांदण्यांच्या खुणांनी दाखवतात. सहा चांदण्या म्हणजे सर्वोत्तम ए-वन: जागेची चूक ५ मीटर अधिक खोलीच्या पाच टक्क्यांच्या आत, खोलीची अर्धा मीटर अधिक खोलीच्या एक टक्का. चार चांदण्यांच्या बी श्रेणीत जागा ५० मीटर, खोली १ मीटर अधिक दोन टक्के. तीन चांदण्यांच्या सी श्रेणीत जागा ५०० मीटर आणि खोली २ मीटर अधिक पाच टक्के. आता सी श्रेणीत तुम्ही ४ मीटरचा आकडा बघताय. चूक २.२ मीटरपर्यंत असू शकते, म्हणजे प्रत्यक्षात १.८ निघू शकतं. तुमचा ड्राफ्ट १.४. त्या चार मीटरवर तुम्ही निश्चिंतपणे चहा करायला खाली गेला असतात. कागदी चार्टच्या, आणि म्हणून रास्टरच्याही, कोपऱ्यात कुठला भाग कोणत्या साली मोजला त्याची छोटी आकृती किंवा टीप असते. खाजगी चार्टमध्ये ही माहिती अनेकदा इतकी आत दडलेली असते की सापडेपर्यंत बंदर येतं.

छपाईचं साल आणि मोजणीचं साल यांत गल्लत नको. घरबसल्या एक चाचणी करा. तुमच्याकडचा कुठलाही चार्ट उघडून शिवडीसमोर जा. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू दिसतो का? दिसला नाही तर तो संच किती जुना आहे हे वेगळं सांगायला नको. मित्राच्या पेनड्राइव्हचं बहुधा हेच होईल. आणि दिसला, तरी इतकंच सिद्ध झालं की कुणीतरी पूल काढला. पुलाच्या आजूबाजूचे खोलीचे आकडे त्याच वेळी नव्याने मोजले, असा त्याचा अर्थ होत नाही.

जुन्या रास्टरबद्दल आणखी एक. जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या संदर्भावर, म्हणजे पृथ्वीवरची जागा मोजायच्या चौकटीवर, जागा सांगतं. जुने चार्ट वेगळ्या स्थानिक संदर्भावर काढलेले असायचे आणि 'उपग्रहावरून मिळालेली जागा इतकी सरकवून घ्या' अशी टीप कोपऱ्यात छापलेली असायची. माणूस ती वाचून सरकवायचा. स्कॅन करताना कुणी हे लक्षात घेतलं नसेल तर सॉफ्टवेअर काही स्वतःहून सरकवत नाही. एका संचावर माझी नौका बंदरात नांगर टाकून उभी असताना पडद्यावर डोंगराच्या निम्म्यात चढली होती. नांगरल्यावर, जेटीला लागल्यावर, पडद्यावरची नौका पाण्यात आहे ना हे बघायची सवय लावा. तिथे घसरलेली दिसली तर रात्री खडकांजवळूनही ती तेवढीच घसरलेली असणार.

तर तुमच्यासाठी मी काय करीन? हे तुमच्या बजेटवर आणि रात्री चालवणार की नाही यावर अवलंबून आहे. फक्त दिवसा, बंदर ते बंदर जाणार असाल तर टॅब्लेटवरचं वर्गणीचं वेक्टर ॲप मुख्य म्हणून पुरेल. निघण्याआधी पूर्ण किनारा ऑफलाइन उतरवून घ्या. किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की नेटवर्क जातं आणि डाउनलोड केलं नसेल तर समोर कोरा निळा चौकोन उरतो. एकक मीटरमध्ये आहे का तपासा, काही ॲप फुटांवर सुरू होतात. रात्रीही चालणार असाल तर पक्का बसवलेला प्लॉटर घ्या. टॅब्लेट उन्हात तापून बंद पडतो आणि ओल्या बोटांना दाद देत नाही. दोन्ही असतील तर दोन वेगळ्या कंपन्यांचे चार्ट ठेवा. जिथे दोघांचं जमत नाही, तिथे हळू व्हा. मला अशा विसंगतींनी कुठल्याही भोंग्यापेक्षा जास्त वेळा सावध केलं आहे.

देहरादूनचे मुंबई आणि पुढच्या किनाऱ्याचे दोन-चार कागदी चार्ट जरूर घ्या. जुनाट वाटेल, पण पूर्ण दिवसाचा मार्ग एका नजरेत बघायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. शिवाय सर्वेक्षणाचं साल, संदर्भाची टीप, हे सगळं समोर छापलेलं मिळतं. मित्राचा पेनड्राइव्ह घरी अभ्यासाला ठेवा, जुन्या-नव्या चार्टमध्ये दांडे कसे सरकले ते बघायला मजा येते. नौकेवर नको. डोलीचे, म्हणजे मासेमारीच्या जाळ्यांचे, खुंट मात्र कशातच नीट सापडणार नाहीत, हंगामाप्रमाणे जागा बदलतात. त्यासाठी पुढे नजर ठेवणारा माणूस लागतो आणि शक्यतो पहाटेच्या अंधारात मुंबई बंदरातून निघू नये.

एक राहिलं. १.४ हा ड्राफ्ट तुम्ही मोजला आहे, की विकणाऱ्याने सांगितला? पाण्याच्या टाक्या, डिझेल, सामान आणि चार माणसं चढल्यावर जुन्या नौका दहा-पंधरा सेंटिमीटर सहज खाली बसतात. नौका भरून जेटीला लावा, शांत पाण्यात वजन बांधलेल्या दोरीने तळापर्यंतचं अंतर मोजा, त्याच क्षणी साउंडरवरचा आकडा वाचा. म्हणजे साउंडर पाण्याच्या पातळीपासून मोजतोय, स्वतःच्या बुडापासून की कण्यापासून, तेही कळेल. पुढच्या वेळी नौका सुकीवर ओढाल तेव्हा पाणरेषेपासून कण्याच्या टोकापर्यंत टेप लावा. तो आकडा आला की ॲपमध्ये टाका, आणि मला कळवा. मग दाभोळ आणि जयगडमध्ये कुठल्या भरतीला शिरायचं ते तारखा धरून बघू.